सायकलीचा सांगाडा आणि त्यावरची अक्षरे

वसंत व्याख्यानमालेत शिवकाल, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय यावयाचे, अशी आपणां सर्वांची सवय. तेथे 'जुनी सायकल कशी ओळखावी व कशी विकत घ्यावी' हा विषय पाहून कुणी नाक मुरडले असेल, तर त्यात नवल नाही. तथापि आमचे म्हणणे असे की, हा विषय इतिहासाचाच आहे. आणि इतिहासाची जी शिस्त आहे ती पाळल्यावाचून यात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. जुनी वस्तू घेणारा गिऱ्हाईक तिच्या जन्माचे साल विचारतो, गाव विचारतो, घडविणाऱ्याचे नाव विचारतो. विकणारा जे सांगतो ते खरे की खोटे, हे ताडून पाहावे लागते. ताम्रपट हाती आलेला संशोधक याहून निराळे काय करतो?

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या आज्ञेचा शिलाखंड सापडला. १९५६ साली भुईगावाकडे नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. त्या दगडांना पाहणारे लोक आधी नव्हते असे नाही. पाहत सगळेच होते, वाचता कुणाला येत नव्हते. आमच्या वसई-विरारच्या वाड्यांतून, पडवीच्या आढ्याला टांगलेल्या किंवा विहिरीमागे टेकून ठेवलेल्या जुन्या सायकलींची स्थिती आज तीच आहे. त्यांवर अक्षरे आहेत, आकडे आहेत, खुणा आहेत. पण भंगारवाला येतो, काट्यावर वजन करतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. मागे राहतो तो फक्त भिंतीवरचा तेलाचा डाग.

सायकल आमच्याकडे हौसेपोटी रुजली नाही, आगगाडीपोटी रुजली. विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली ती १८६७ साली. विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ साली. गाडी आली खरी, पण स्टेशने पडली पूर्वेच्या अंगाला, आणि वस्तीची जुनी गावे राहिली समुद्राच्या बाजूला. गास, भुईगाव, गिरीज, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा, कोणतेही नाव घ्या, स्टेशन गाठावयाचे म्हणजे काही किलोमीटरांची रपेट आलीच. टांगा सगळ्यांना परवडत नसे. सकाळच्या गाडीला भाजी, फुले, पानाच्या करंड्या किंवा नुसता डबा घेऊन निघालेल्या माणसाला सायकल म्हणजे जादा कमाईचा एक तास होता. म्हणून ती दणकट हवी होती, मागे कॅरिअर हवे होते, आणि दांडीवर मुलाला बसवून नेता आले पाहिजे होते. वेग ही शेवटची गरज.

अशा कामाची जी गाडी ती इंग्रजी रोडस्टर. अठ्ठावीस इंची चाके, सळईचे ब्रेक, उंच हँडल, चामड्याची सीट, साखळीवर पत्र्याचे झाकण आणि वीस किलोच्या आसपास वजन. रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए., फिलिप्स, हंबर, रज ही नावे एके काळी आपल्या घरांत सोयऱ्याधायऱ्यांच्या नावांसारखी उच्चारली जात. प्रत्येक घराण्याचे आपले बोधचिन्ह होते. रॅलेचा बगळा, बी.एस.ए.च्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, रजचा उघडा पंजा. बंदुका कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. तर ती मंडळी मुळात बर्मिंगहॅमची शस्त्रे बनविणारी, आणि नावातील तीन अक्षरांतली दोन त्याच धंद्याची. ही चिन्हे केवळ पुढच्या बिल्ल्यावर नसत. पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रातही तीच कातलेली असत. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची डोकी, बी.एस.ए.च्या चक्रात तीच तीन अक्षरे, रजच्या चक्रात पंजा. हंबरचा पुढचा चिमटा तर दुरूनही ओळखू यावा. प्रत्येक बाजूस एक नळी न घालता त्यांनी दोन-दोन बारीक नळ्या घातल्या.

येथे पहिला सावधपणा हवा. बगळा दिसला म्हणजे सायकल नॉटिंगहॅमची, असे धरून चालणारा माणूस फसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर देशी धंद्याला संरक्षण मिळाले, परदेशी मालाचा ओघ आटत गेला, आणि इंग्रजी कंपन्यांनी येथेच भागीदार शोधले. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्सची स्थापना झाली आणि तेथून हर्क्युलिस, पुढे फिलिप्स व बी.एस.ए. ही नावे निघू लागली. बंगालात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. तेथून रॅले, हंबर, रज, रॉबिनहूड बाहेर पडल्या. अॅटलस सोनिपतची, हीरो व एव्हॉन लुधियान्याच्या. एकाच बिल्ल्याची दोन जन्मगावे झाली ती अशी. विलायतेतही घराण्यांची उलथापालथ चाललीच होती: हंबर १९३२ साली रॅलेकडे गेली, रज १९४३ साली, आणि बी.एस.ए.चा सायकलविभाग १९५७ साली. म्हणजे १९५७ नंतरच्या विलायती बी.एस.ए.वर बंदुका असल्या तरी मालक बगळ्याचाच.

हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे तो कारभारही आटोपला. वरळीत सायकली होत असत, हे आज त्या बाजूच्या उंच इमारतींकडे पाहून कुणाच्या मनातही येणार नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, हिंदची एखादी सुस्थितीतील गाडी आपल्या घरी असेल तर तिची किंमत विलायती बगळ्याहून कमी समजू नये. बाजार तसे समजतो. बाजाराला इतिहास ठाऊक असतोच असे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हल्ली मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींना ओढ लागली आहे ती रोडस्टरची नव्हे, तर हाताने घडविलेल्या पोलादी शर्यती सायकलीची. खाली वळलेले हँडल, अरुंद चाके, बारीक नळ्यांचा सडपातळ सांगाडा, सगळी मिळून दहा-अकरा किलो. कार्बनच्या सायकली आल्या, त्याही हलक्या. तरी जुन्या पोलादाची गोडी या मंडळींना सुटत नाही. यात आम्हांस वावगे वाटत नाही. वाईट वाटते ते एवढेच की, या ओढीचा फायदा घेऊन जी सायकल तशी नव्हेच ती तशी म्हणून खपविली जाते. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती तशी दिसावी म्हणून एखादी अस्सल जुनी रोडस्टर कापून मोडून टाकली जाते. एका व्यवहारात दोन नुकसाने होतात: गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि गावाचा कागद फाटतो.

अशी शर्यती सायकल आपल्याकडे मुळात आली कशी आणि किती? थोडीच आली, हे उघड आहे. सायकलच्या पराक्रमात मुंबईच्या पारशी तरुणांनी पहिल्यापासून पुढाकार घेतला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण मुंबईहून जगप्रवासाला निघाले; त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. पण त्यांचे साहस लांब पल्ल्याचे, शर्यतीचे नव्हे. शर्यतीच्या सायकलीची गोष्ट निराळी. १९३८ साली सिडनीच्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत जानकीदास भारतातर्फे उतरले. पुढे हिंदी चित्रपटांत नट म्हणून दिसले ते हेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू गेले, आणि त्यांतही मुंबईच्या पारशांचा भरणा होता. त्याच सुमारास मुंबई-पुणे शर्यत रूढ झाली; बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणण्याची चाल तिचीच. या खेळाडूंना हलकी गाडी लागे आणि ती देशात होत नसे. जे मागवू शकत त्यांनी मागविली. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांनी रोडस्टरचे मडगार्ड, कॅरिअर, झाकण काढून, हँडल उलटे करून घाट चढला. आयातीवरील संख्येची बंधने पूर्णपणे उठली ती २००१ साली. त्यानंतर मात्र विलायत, इटली, जपान येथील वापरलेले सांगाडे हौशी लोकांच्या हाती येऊ लागले. तेव्हा 'आजोबांची इटालियन रेसर' असे कुणी सांगितले, तर आजोबा कोण होते, शर्यतीत होते काय, बोटीवर होते काय, हे आधी विचारावे. आजोबांचा इतिहास जुळला नाही तर सायकलीचाही जुळत नाही.

'हातघडणीची' म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावयास हवे. हात तर प्रत्येक सायकलीला लागलेलेच असतात. फरक सांध्याचा आहे. सांगाड्याच्या नळ्या एकमेकींना जोडावयाच्या तर त्यांवर पोलादी टोपी बसवितात. कारागीर तिला लग म्हणतात. मोठ्या कारखान्यात ही टोपी पत्रा दाबून केलेली असे, नळ्या तीत ठोकून बसवीत आणि अनेक सांधे एकाच रीतीने, भट्टीत तापवून किंवा वितळलेल्या पितळेत बुडवून, झाळून टाकीत. काम पक्के होई, स्वस्त होई. लहान कारखान्यातील घडवणारा मात्र एकेक सांधा ज्योतीवर तापवी, पितळ किंवा चांदीमिश्रित डाग त्यात ओढून घेई, आणि मग टोपीच्या कडा कानशीने घासून कागदासारख्या पातळ करी. काहींनी त्या कडांवर वेलबुट्टी कातली. लंडनच्या हेचिन्सने तर मागच्या नळ्यांना मुद्दाम नागमोडी वळण दिले. ते पाहिल्यावर नाव वाचावे लागत नाही. डर्बीचे मर्शियन, लीड्सचे बॉब जॅक्सन, लंडनचे क्लॉड बटलर, मिलानचे चिनेल्ली, व्हिगोरेल्लीच्या सायकलमैदानात ज्यांचे दुकान होते ते मासी, कांबियागोचे कोल्नागो, अशी ही घराणी. संगीतातल्यासारखीच घराणी म्हणावयाची. गिऱ्हाइकाच्या मांडीचे, हाताचे माप घेऊन सांगाडा बांधण्याची यांतील अनेकांची रीत होती.

नळ्यांचीही जात असते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली '५३१' या नावाची मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी काढली, आणि पुढे कित्येक वर्षे उत्तम सायकलीची ती जणू मोहोर झाली. हिची खुबी अशी की, टोकांशी जेथे सांध्याचा ताण व तापण्याची झळ बसावयाची तेथे भिंत जाड आणि मधल्या भागात पातळ. बाहेरून नळी एकसारखी दिसते. जाडीचा फरक सगळा आतून. टोके जाड करण्याच्या या युक्तीचा हक्क त्याच घराण्याने १८९७ सालीच नोंदविला होता. इटलीत कोलंबस, जपानात टांगे व इशिवाता यांनी याच मार्गाने नाव मिळविले. उत्तम सांगाड्यावर या नळ्यांचा छोटा रंगीत छाप लावलेला असतो. पण छाप हा कागद आहे. आज तो कुणालाही छापून घेता येतो व कोणत्याही नळीवर चिकटविता येतो.

म्हणून आम्ही छाप शेवटी पाहतो, सीट आधी काढतो. सीटचा खांब ज्या नळीत उतरतो तिचा बाहेरचा व्यास इंग्रजी व इटालियन मापात सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे सुमारे २८.६ मिलिमीटर. रोडस्टरच्या नळीची भिंत इतकी जाड असते की, आत जेमतेम एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा खांब मावतो. '५३१'सारखी पातळ, जाड टोकांची नळी असेल तर तेथे २७.२ मिलिमीटरचा खांब लागतो. दोहोंमध्ये दोन मिलिमीटरांचाही फरक नाही, पण साऱ्या कहाणीचा निकाल तेथे लागतो. कारण रंग बदलता येतो, छाप बदलता येतो, हँडल बदलता येते. नळीचे पोट बदलता येत नाही. खांबावर माप कोरलेले असते. नसेल तर कोणत्याही फिटरकडे व्हर्निअर असतो. एक अपवाद ध्यानात ठेवावा: फ्रेंच नळ्या २८ मिलिमीटरच्या, त्यामुळे त्यांचा खांब अस्सल सांगाड्यातही बारीकच निघतो.

अलीकडे एका बाजारात आम्हांस एक तांबडीलाल सायकल दाखविण्यात आली. आडव्या दांडीवर कोल्नागोचे तिपानी फूल, खाली वळलेले हँडल, आणि किंमत ऐकून उभ्याउभ्या बसावेसे वाटावे अशी. आम्ही सीट उपसली. खांब एक इंची. मागच्या चाकाचा आस जेथे बसतो ते कान जाड ओतीव-घडीव नव्हते, पत्र्याचे दाबून केलेले होते, आणि त्यांची तोंडे मागच्या बाजूस उघडणारी होती, जशी रोडस्टरची असतात. शर्यती सांगाड्याचे कान पुढच्या बाजूस उघडतात, उजव्या कानाला गिअर टांगण्यासाठी भोकाची जीभ असते, आणि पुष्कळदा त्यावर कांपान्योलोसारख्या करणाऱ्याचे नाव उठविलेले असते. साखळीच्या झाकणाचा खिळा कापून घासलेली जागाही रंगाखाली हाताला लागत होती. फूल कोल्नागोचे खरे, पण कोल्नागोचे फूल उमललेल्या चिंचोक्यासारखे जाडजूड नसते. ते रेखीव असते. विकणारा गृहस्थ रागावला नाही. तो म्हणाला, "मला देणाऱ्यानंही असंच सांगितलं होतं, साहेब." हे आम्हांस खरे वाटले. बनावट दस्तऐवजांचे असेच होते. तिसऱ्या हाती जाईपर्यंत तो सर्वांच्या दृष्टीने अस्सल झालेला असतो.

देश ओळखावयाचा असेल तर पायडलचा आस ज्या आडव्या डब्यात फिरतो, ज्याला आमचे मिस्त्री बी.बी. म्हणतात, त्याचे आटे पाहावेत. इंग्रजी डबा ६८ मिलिमीटर रुंद, आणि उजव्या अंगाच्या वाटीचे आटे उलटे. इटालियन डबा ७० मिलिमीटर रुंद व दोन्ही अंगांचे आटे सरळ. रॅलेने तर आपले म्हणून निराळेच बारीक आटे पाडले: इतरांचे इंचाला चोवीस, रॅलेचे सव्वीस. दुसऱ्याची वाटी आपल्या डब्यात बसू नये, सुट्या भागासाठी गिऱ्हाइकाने आपल्याच दारी यावे, हा त्यातला व्यापारी कावा. त्या वेळी मिस्त्री लोकांनी त्याबद्दल शिव्या दिल्या असतील. आज आम्हांला तोच कावा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

साल ओळखण्याचे काम याहून अवघड. सांगाड्याचा क्रमांक डब्याच्या पोटाशी किंवा सीटच्या सांध्याजवळ ठोकलेला असतो. पण लहान घडवणाऱ्यांच्या वह्या पुष्कळदा नष्ट झाल्या आहेत, आणि नुसता आकडा बोलत नाही. त्याहून बोलके असतात ते जोडलेले भाग. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर युद्धोत्तर काळात वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याचा आकडा ठोकलेला असे; '५७ ३' असे वाचले की मार्च १९५७ समजावे. मळ पुसला की झाले. कांपान्योलोच्या जुन्या हबच्या चिमुकल्या नटावरही सालाचे आकडे सापडतात. त्यांच्या न्यूओव्हो रेकॉर्ड नावाच्या मागच्या गिअरवर 'पेटंट' या शब्दापुढे सालाचे दोन आकडे येतात. पण हब १९५७ चा म्हणजे सायकल १९५७ ची, असे मात्र म्हणू नये. सायकलीचे भाग घरातल्या भांड्यांसारखे असतात. फुटले की नवे येते, लेक सासरी गेली की एखादे तिच्याबरोबर जाते. एकच भाग निराळे साल सांगत असेल तर तो बदललेला समजावा. पुढचा हब, मागचा हब, दातेरी चक्र आणि कानांतले अंतर ही सगळी एकाच दशकाकडे बोट दाखवू लागली, की मग बोलावे. मागच्या कानांतील अंतर हा साक्षीदार सहसा फिरत नाही: पाच दात्यांच्या फ्रीव्हीलचा जमाना असेल तर १२० मिलिमीटर, सहा-सात दात्यांचा असेल तर १२६. फिरलाच, तर कुणीतरी कान ताणून रुंद केलेले असतात, आणि तेही नीट पाहिले की कळते.

घेण्यापूर्वी प्रकृतीची तपासणी आलीच. आपला मुलूख समुद्राचा, मिठागरांचा. खारा वारा रंगाला बाहेरून खातोच, पण नळीला आतून खातो ते दिसत नाही. सीटचा खांब नळीत गंजून चिकटला असेल तर सौदा तेथेच थांबवावा, किंवा ते निघाल्यावर पैसे द्यावेत. जोर लावून उपसताना पातळ नळी चिरते. बी.बी.चा डबा उघडून आत पावसाचे पाणी साचून केलेला चिखल पाहावा. अपघाताची खूण बहुधा पुढच्या सांध्यामागे असते: तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवावे, रंगाखाली सुरकुती लागली तर गाडी कुठेतरी समोरून धडकलेली आहे. पोचा भरून वर रंग दिला असेल तर चिमुकले लोहचुंबक फिरवावे. लांबीवर ते धरत नाही. सांगाडा सरळ आहे की पिळलेला, हे पाहण्यास यंत्र लागत नाही. मागच्या एका कानाला दोरा बांधून तो पुढच्या डोक्यावरून वळवून दुसऱ्या कानाला आणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंची अंतरे मोजावीत. सुतार ओळंब्यावर जितका विश्वास ठेवतो तितका या दोऱ्यावर ठेवण्यास हरकत नाही.

मोडलेला पोलादी सांगाडा पुन्हा जोडता येतो, हा पोलादाचा मोठा गुण. आमच्या रोडस्टर साठ-साठ वर्षे टिकल्या त्या याच गुणावर. गावातला कारागीर पितळेचा डाग देई आणि गाडी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर. पण जाड नळीला जे सोसते ते पातळीला सोसत नाही. '५३१'च्या सांध्यावर विजेच्या वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर ती नळी तेथे भाजून निघाली आहे असे समजावे, आणि किंमतही त्या मानाने करावी.

एका बाबतीत मात्र घासाघीस नको. क्रमांकाची जागा कानशीने घासलेली असेल तर ती सायकल घेऊच नये. गंजाने आकडा पुसट होतो, सपाट होत नाही. सपाट झालेला आकडा कुणीतरी लपविलेला असतो.

राहता राहिला रंगाचा प्रश्न, आणि येथे आमचा नव्या हौशी मंडळींशी मतभेद आहे. सायकल घरी आली की ती भट्टीच्या रंगाला पाठवावयाची, नवे छाप लावावयाचे, आरशासारखी चकचकीत करावयाची, असा परिपाठ पडला आहे. रंग उडवताना काय काय उडते? कारखान्याने हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा उडतात. मागच्या मडगार्डावरील दुकानदाराची पट्टी जाते. काळबादेवीच्या कोणत्या पेढीने ही गाडी विकली, हे सांगणारी बहुधा तीच एक जागा. साखळीच्या झाकणावर पेंटरकडून घालून घेतलेले मालकाचे नाव, गावाचे नाव, एखादा क्रूस किंवा 'श्री', तेही पुसले जाते. नगरपालिका सायकलीवर कर घेत तेव्हा त्या पावतीबद्दल जो पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा बिल्ला मिळे, तो हँडलखाली अजून लटकत असेल तर त्यावर साल असते, गाव असते, क्रमांक असतो. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली महानगरपालिका झाली; २०१४ साली जिल्हाही ठाण्याचा पालघर झाला. कागदोपत्री जुनी नावे आता दप्तरात. रस्त्यावरून फिरणाऱ्या वस्तूवर ती उरली असतील तर अशा बिल्ल्यांवर.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. तेथे दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीच्या सैनिकांसाठी केलेली बी.एस.ए.ची घडीची सायकल आहे; मुलांना घेऊन अवश्य पाहावी. तेथे गेल्यावर जुने दिवे, घंट्या, हवेचे पंप यांकडेही लक्ष द्यावे, कारण आपल्या घरच्या अडगळीत यांतले काय काय पडले आहे हे तेव्हाच आठवते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ती भंगारात किंवा रंगाला देण्यापूर्वी एक दुपार काढावी. रॉकेलात भिजविलेल्या फडक्याने डब्याचे पोट, सीटचा सांधा, दोन्ही हब आणि दातेरी चक्र पुसावे. जे आकडे, जी अक्षरे दिसतील ती जशी दिसतात तशी वहीत उतरावीत. जेथे वाचता येत नसेल तेथे पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी, ठसा उमटतो. सीटच्या खांबाचे माप लिहावे. झाकणावरचे नाव, मडगार्डावरची पट्टी, बिल्ला यांची छायाचित्रे घ्यावीत. घरात म्हातारे माणूस असेल तर गाडी कोणी घेतली, कोणत्या साली, कितीला, आणि तिच्यावरून कोण कोण स्टेशनला जात असे, हे विचारून त्याच पानावर लिहावे. मूळ पावती सापडलीच तर ती वहीत टाचणीने न लावता पाकिटात ठेवावी. आमच्याकडच्या हवेत टाचणी गंजते आणि नेमका आकडाच खाते.